पदवीच्या परीक्षेसाठी लेखनिक शोधण्याची जबाबदारी नेमकी कोणाची?

कृष्णाकाठ

सर्वांना नमस्कार.

माझी मुलगी जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. राज्यशास्त्र हा तिचा मुख्य विषय आहे. दहावीपर्यंत ती अंधशाळेच्या वसतिगृहात होती. तिथे तिला ब्रेल उत्तम शिकवले गेले आणि बोर्डाच्या परीक्षेला नववीतील एक मुलगी लेखनिक म्हणून, म्हणजे ती सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहून देण्यासाठी, शाळेनेच मिळवून दिली, त्यामुळे हा विषय किती अवघड आहे याची त्या वेळी आम्हाला कल्पनाच आली नाही. बारावीला शेजारच्या घरातील अकरावीची मुलगी तयार झाली. खरी ओढाताण सुरू झाली ती पदवीला.

महाविद्यालयाने पहिल्याच सत्रात सांगितले की लेखनिक खालच्या वर्गातील असला पाहिजे आणि तो तुम्हीच शोधून आणायचा आहे. आता खालच्या वर्गातील म्हणजे पहिल्या वर्षाची मुले, आणि त्यांची सत्र परीक्षा त्याच पंधरवड्यात असते. बारावीच्या मुलांना त्यांचे आईवडील पाठवायला तयार होत नाहीत, कारण त्यांचेही ते महत्त्वाचे वर्ष असते, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देऊ शकत नाही. जे मोकळे आहेत आणि आनंदाने यायला तयार आहेत, म्हणजे पदवी घेऊन घरी बसलेल्या मुली, निवृत्त शिक्षक, माझी धाकटी जाऊ, ते कोणीही नियमात बसत नाहीत. गेल्या सत्रातील सहा पेपरांसाठी मी एकोणीस घरांचे उंबरठे झिजवले.

राज्यशास्त्राच्या पेपरला जे झाले, ते सविस्तर सांगते. मिळालेला लेखनिक अकरावी वाणिज्यचा होता आणि एस.टी. चुकल्यामुळे तो वीस मिनिटे उशिरा पोहोचला. बोलण्याचा इतरांना त्रास नको म्हणून दोघांना जिन्याखालच्या व्हरांड्यात बसवण्यात आले होते, जिथून दिवसभर माणसांची ये-जा चालू असते. पेपर अडीच तासांचा होता. ताशी वीस मिनिटे या हिशोबाने पन्नास मिनिटे वाढीव मिळायला हवी होती, पण आपल्याकडे तसा लेखी आदेश नाही असे सांगून पर्यवेक्षकांनी शेवटची घंटा होताच उत्तरपत्रिका काढून घेतली. निकालात त्या विषयाला इतके कमी गुण आले की आम्ही उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवली आणि मी ती तिला वाचून दाखवली. राज्याच्या धोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांवर तिने जवळजवळ दीड पान मजकूर सांगितला होता. कागदावर अकरा ओळी होत्या. चौथ्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्याच्या क्रमांकाखाली लिहिले गेले होते आणि त्यापुढे शून्य होते. तिने मला एवढेच विचारले, "आई, मी हे असं सांगितलं होतं का?" मला उत्तर देता आले नाही.

लेखनिक शोधणे कायद्याने खरोखर आमच्यावरच आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे. वाढीव वेळ आणि बसण्याची जागा यांबद्दल आधी कोणाकडे आणि कसा अर्ज करावा? ती मोबाइल आणि संगणक स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर, वापरते, परंतु मराठी टंकलेखनाचा वेग कमी आहे. तरीही लेखनिकाऐवजी संगणकावर परीक्षा देण्याचा विचार करावा का? नातेवाईक सुचवतात की एवढा अट्टहास करण्यापेक्षा तिने घरी बसून काहीतरी सोपे शिकावे. त्यावर काय बोलावे हेही मला सुचत नाही.

जुना खडू

ताई, मी निवृत्त प्राध्यापक आहे आणि नोकरीतील बरीच वर्षे परीक्षा केंद्राचे काम पाहिले आहे. उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट कबूल करणे माझे कर्तव्य आहे. आपल्या मुलीला जसे जिन्याखाली बसवले, तसे मीही एका विद्यार्थ्याला बसवले होते. त्यात काही वावगे आहे असे त्या वेळी मला वाटले नव्हते, कारण तीनशे मुलांच्या बैठक व्यवस्थेत एका मुलाची सोय म्हणजे उरलेली जागा, अशीच आमची समजूत होती. आज तुमचा मजकूर वाचताना त्या मुलाची फार तीव्रतेने आठवण झाली.

आता कायद्याबद्दल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या १७ व्या कलमात परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे आणि त्या बदलांची उदाहरणे देताना वाढीव वेळ व लेखनिक या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख केलेला आहे. या कलमाच्या आधारावर केंद्र शासनाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या आपल्या दृष्टीने अधिक उपयोगाच्या आहेत. स्वतःचा लेखनिक आणायचा की परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेकडे तो मागायचा, हे विद्यार्थ्याने ठरवायचे आहे, असे त्या सूचनांत होते. म्हणजे "तुम्हीच शोधून आणा" हे वाक्य एका पर्यायाला सक्तीचे रूप देणारे आहे. यंत्रणेने लेखनिक दिला तर परीक्षेच्या दोन दिवस आधी विद्यार्थ्याला त्याची भेट घेऊन तो योग्य आहे की नाही हे पडताळता आले पाहिजे, वेगवेगळ्या विषयांसाठी वेगवेगळे लेखनिक घेता आले पाहिजेत आणि अडीअडचणीच्या वेळी लेखनिक बदलण्याची मुभा असली पाहिजे, हेही त्यांत होते. वाढीव वेळ ताशी किमान वीस मिनिटे आहे, म्हणजे आपण केलेला पन्नास मिनिटांचा हिशोब अगदी बरोबर आहे. केंद्र सुगम असावे आणि परीक्षा शक्यतो तळमजल्यावर घ्यावी असेही त्यांत म्हटले होते, पण तळमजला म्हणजे जिन्याखालची जागा नव्हे. या सूचनांच्या जागी केंद्र शासनाने २०२५ मध्ये नव्या सूचना काढल्या आहेत, म्हणून अर्ज करताना विद्यापीठाचे त्या वर्षीचे परिपत्रक परीक्षा विभागाकडून अवश्य मागून घ्यावे.

२०१८ च्या सूचनांत स्वतः आणलेल्या लेखनिकाच्या शिक्षणाची अट विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी खाली अशी होती. तुम्ही आणि महाविद्यालय दोघेही "खालच्या वर्गातील" याचा अर्थ महाविद्यालयात शिकणारा मुलगा असा घेत आहात, परंतु बारावी उत्तीर्ण होऊन पदवीला न गेलेला कोणीही त्या अटीत बसू शकत होता. तालुक्याच्या गावातील अभ्यासिकेत एकदा जाऊन पाहा. पोलीस भरतीसाठी बारावी पुरते, त्यामुळे तिथे सकाळी मैदान मारून आलेली आणि दिवसभर पुस्तकात डोके घालून बसलेली कितीतरी मुले-मुली भेटतील. त्यांची सत्र परीक्षा नसते, लिहिण्याची सवय सुटलेली नसते, आणि राज्यघटनेचा भाग तर त्यांच्या सामान्य ज्ञानाच्या अभ्यासातच असल्यामुळे "अनुच्छेद" हा शब्द कसा लिहायचा हे त्यांना सांगावे लागत नाही. आय.टी.आय. आणि नर्सिंगच्या मुलांचे वेळापत्रकही वेगळे असते.

अर्जाविषयी माझे सांगणे असे की तो परीक्षेच्या तोंडावर न करता सत्र सुरू होताच करावा. प्राचार्यांच्या नावे आणि परीक्षा नियंत्रकांना प्रत देऊन केलेल्या अर्जासोबत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा वैश्विक ओळखपत्राची प्रत जोडावी, आणि लेखनिक, वाढीव वेळ, स्वतंत्र शांत खोली व लेखनिकाची आगाऊ भेट या चारही गोष्टी त्यात शब्दशः मागाव्यात. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये. परवानगीचे पत्र मिळाले की त्याची एक प्रत पेपरच्या दिवशी हॉलतिकिटाबरोबर ठेवावी, कारण पर्यवेक्षक दररोज बदलतात आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाला कलम कळत नाही, कागद कळतो.

 तरीही दाद लागली नाही तर पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. गेल्या सत्रातील वाढीव वेळ नाकारल्याची तक्रार तुम्ही आजही करावी असे मला वाटते. गुण परत मिळतील असे आश्वासन मी देऊ शकत नाही, पण नोंद झाली की पुढच्या वेळी "आमच्याकडे लेखी आदेश नाही" असे म्हणणे अवघड होईल.

सहा टिंबे

नमस्कार ताई. मी स्वतः दृष्टिहीन आहे आणि एका बँकेत नोकरी करतो. बारावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत आणि नंतर स्पर्धा परीक्षांना मिळून वीसहून अधिक लेखनिकांबरोबर बसलो आहे. सरांनी कायद्याची बाजू पूर्ण सांगितली आहे, म्हणून मी केवळ त्या तीन तासांबद्दल लिहितो, आणि ते आपल्या मुलीसाठी लिहितो.

सांगून लिहून घेणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते कोणी शिकवत नाही. आपण बोलण्याच्या वेगाने सांगतो आणि लेखनिक हाताच्या वेगाने लिहितो. या दोन वेगांच्या मध्ये जे सांडते, तेच तुमच्या त्या अकरा ओळींत दिसले. मुलाने मुद्दाम काही केले असेल असे मला वाटत नाही. वाक्य लांब असले की नवखा लेखनिक शेवटचे चार शब्द धरून ठेवतो आणि आधीचे सोडून देतो. म्हणून सात-आठ शब्दांचा एक तुकडा सांगायचा, पेन थांबल्याचा आवाज ऐकायचा आणि मग पुढचा तुकडा सांगायचा. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी खोली मागण्याचे खरे कारण हेच आहे. जिन्याखाली बसवल्यावर पेनाचा आवाज आपल्याला येत नाही आणि आपले लेखन आपल्या हातातून निसटते.

प्रश्न क्रमांकाबाबत माझा एक नेम आहे. नवे उत्तर सुरू करताना मी क्रमांक सांगतो, लेखनिकाला तो लिहून परत वाचायला लावतो, आणि मगच पहिले वाक्य सांगतो. यात प्रत्येक प्रश्नाला दहा सेकंद जातात, पण मुलीचे जे उत्तर शून्यात गेले ते या दहा सेकंदांत वाचले असते. लेखनिकाने शक्यतो बॉलपेनने लिहावे. बॉलपेनने लिहिलेल्या पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवले की ओळींचे उठाव जाणवतात. दीड पान सांगितल्यावर उठाव अर्ध्या पानातच संपत असतील तर काय झाले ते तिथल्या तिथे कळते आणि उत्तर परत वाचून घेता येते. सोबत ब्रेल पाटी आणि टोचणी न्यावी, त्यांना परवानगी असते. प्रश्नपत्रिका एकदा पूर्ण वाचून घेतली की मी प्रत्येक उत्तराचे मुद्दे ब्रेलमध्ये टोचून ठेवतो. आपण उजवीकडून डावीकडे टोचतो आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे लेखनिक लिहीत असताना माझे बोट पुढच्या मुद्द्यावर असते आणि मला त्याच्या गतीची वाट पाहत स्मरणशक्तीवर सारा भार टाकावा लागत नाही.

मुलीचे ब्रेल चांगले आहे हे वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण अलीकडे बरीच मुले केवळ ऐकून शिकतात आणि शब्द कसा लिहितात हे त्यांच्या बोटांना कधी कळतच नाही. जो स्वतः ब्रेलमध्ये "निवडणूक" वाचतो, तो लेखनिकाला "ण ला दुसरा उकार" असे ठामपणे सांगू शकतो. मराठीच्या पेपरला याचे मोल फार आहे. "स्पर्शज्ञान" हे मराठी ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी २००८ साली सुरू केले. माझे शुद्धलेखन सुधारले ते अशा नियमित ब्रेल वाचनामुळे.

संगणकाविषयी विचारले आहे. स्वतःच्या हाताने लिहिलेले उत्तर स्वतः परत वाचून दुरुस्त करता येणे यासारखे सुख नाही, म्हणून त्या दिशेने जरूर जावे. २०१८ च्या सूचनांप्रमाणे ब्रेल, संगणक, मोठा टाइप किंवा ध्वनिमुद्रण यांतील पद्धत निवडता येत होती आणि संगणक एक दिवस आधी तपासून पाहता येत होता. एन.व्ही.डी.ए. हा स्क्रीन रीडर विनामूल्य आहे आणि तो मराठी वाचतो. देवनागरी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला सुरुवातीला कठीण वाटला तरी कळांच्या जागा बोटांना एकदा सापडल्या की सुटत नाहीत. मात्र स्क्रीन रीडरचा आवाज ऱ्हस्व-दीर्घातील फरक नेहमी स्पष्ट ऐकवत नाही, त्यामुळे शंका आली की शब्द अक्षराअक्षराने ऐकण्याची सवय लावावी लागते. घाई करून पुढचीच सत्र परीक्षा संगणकावर देऊ नये. आधी वर्षभर टिपणे, निबंध आणि अंतर्गत चाचण्या संगणकावर लिहाव्यात, आणि अडीच तासांच्या पेपराएवढा मजकूर हात न दुखता लिहून होऊ लागला की विद्यापीठाकडे मागणी करावी.

पुस्तकांबद्दल आपण विचारलेले नाही, पण लेखनिकाची अडचण फक्त परीक्षेपुरती असते आणि पुस्तकांची अडचण वर्षभर चालते. राज्यशास्त्राचे क्रमिक पुस्तक घरी स्कॅन करून तिला ऐकण्याजोगे करून देणे हा गुन्हा नाही. २०१२ साली स्वामित्व हक्क कायद्यात झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तीसाठी असे रूपांतर करण्यास मुभा दिलेली आहे. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचे सभासदत्वही घ्यावे.

नातेवाइकांच्या सल्ल्याबद्दल एवढेच लिहितो. "काहीतरी सोपे शिक" हे मीही ऐकले आहे आणि ते प्रेमापोटीच म्हटले जाते हेही मला ठाऊक आहे. पण माझ्या अनुभवात राज्यशास्त्र कधीच अवघड नव्हते. अवघड होते ते पुस्तक मिळवणे, लेखनिक मिळवणे आणि शांत खोली मिळवणे. विषय बदलल्याने यातले काहीच सुटत नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील २०१६ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, तेव्हा दृष्टिहीनतेचे कारण देऊन त्यांना रेल्वेच्या लेखा सेवेत घेतले गेले नाही. पुढच्याच वर्षी त्या १२४ व्या क्रमांकाने आल्या आणि भारतीय प्रशासन सेवेत गेल्या. त्यांनी काहीतरी सोपे शोधायला हवे होते असे आज कोणी म्हणणार नाही.

घाटमाथा

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक आहे. येथे सर्व जण एका बाजूने लिहीत आहेत, म्हणून माझी शंका कोणाचे मन न दुखावता मांडतो. लेखनिक घेऊन बसलेल्या काही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका मी तपासल्या आहेत. वर्गात दोन वाक्ये धड सांगू न शकणाऱ्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत सुबक, मुद्देसूद परिच्छेद दिसले की लेखनिकानेच पेपर लिहिला असे वाटल्याशिवाय राहत नाही. शिक्षणाची अट शिथिल केली आणि शांत बंद खोली दिली तर हे प्रकार वाढणार नाहीत का? इतर विद्यार्थी आम्हाला हा प्रश्न विचारतात आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नसते.

लेखणी

घाटमाथा सर, तुमची शंका मी अनेकदा ऐकली आहे आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मी पुण्यात राहते आणि अकरावीत असल्यापासून लेखनिक म्हणून जाते. आता पदवीधर असल्यामुळे मला पदव्युत्तर परीक्षांनाच बसता येते. आजवर चाळीसपेक्षा जास्त पेपर लिहिले आहेत, त्यांतील एक प्रसंग सांगते.

राज्यघटनेवरचा पेपर होता. परीक्षार्थी माझ्यापेक्षा वयाने मोठ्या होत्या. त्यांनी उत्तर सांगताना घटना २६ जानेवारी १९४९ रोजी स्वीकारली गेली असे सांगितले. ती तारीख २६ नोव्हेंबर १९४९ आहे हे मला माहीत होते आणि माझे पेन क्षणभर थांबले. त्या लगेच म्हणाल्या, "तुमचं पेन थांबलं, म्हणजे काहीतरी चुकलं असणार. पण मला सांगू नका. मी सांगितलं तेच लिहा, उत्तर माझं आहे." मी जानेवारी लिहिले. त्यानंतर मी पेन थांबू न देण्याचा सराव केला, कारण माझ्या थांबण्यातूनही मदत होऊ शकते हे मला त्या दिवशी कळले.

गैरप्रकार होत असतील तर त्यांवर उपाय आहेत. स्वतंत्र खोलीत स्वतंत्र पर्यवेक्षक असावा, आणि तो दारात नव्हे तर आत बसून काय सांगितले जाते आणि काय लिहिले जाते हे ऐकणारा असावा. संपूर्ण पेपरचे ध्वनिमुद्रण करणेही आज अवघड नाही, आणि माझ्या ओळखीच्या कोणत्याही प्रामाणिक विद्यार्थ्याची त्याला हरकत नसते, कारण उद्या लेखनिकाने दीड पानाच्या अकरा ओळी केल्या तर तेच त्याच्या बाजूचा पुरावा होईल. शंका घेणाऱ्यांना लेखनिकाने जास्तीचे लिहिलेले दिसते, पण त्याने कमी लिहिलेले कोणाला दिसत नाही, कारण ते कागदावर नसते. माझ्या पाहण्यात कमी लिहिले जाण्याचे प्रसंग कितीतरी अधिक आहेत.

ताई, एक व्यावहारिक सूचना करते. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. स्वयंसेवकांना वर्षाला १२० तासांचे काम करावे लागते. लेखनिकाचे आणि पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे तास त्यात धरावेत अशी विनंती करा. शेजारच्या कनिष्ठ महाविद्यालयांतही ही योजना असेल तर पहिल्या वर्षाच्या परीक्षेची अडचण आपोआप टळते. आणि लेखनिक ठरला की पेपरपूर्वी किमान तीनदा त्याला घरी बोलावून जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्या. माझ्या अनुभवात पहिल्या बैठकीत दोघेही एकमेकांवर वैतागतात, दुसऱ्या बैठकीत वेग जमतो आणि तिसऱ्या बैठकीत लेखनिकाला विद्यार्थ्याची वाक्ये कुठे वळतात हे कळू लागते. त्याच्या येण्याजाण्याचा खर्च महाविद्यालयाने द्यावा असेही अर्जात लिहा.

जुना खडू

लेखणी ताईंच्या उत्तरात एका निकालाची भर घालतो. लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार असलेल्या विकास कुमार या उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता, कारण त्याचे दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांच्या कसोटीत बसत नव्हते. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. ज्याला लिहिण्यात खरी अडचण आहे त्याला टक्केवारीवरून लेखनिक नाकारता येणार नाही, आणि कोणी गैरवापर करील या भीतीपोटी हक्कदाराची सोय काढून घेता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढच्या वर्षी, १० ऑगस्ट २०२२ रोजी, केंद्र शासनाने चाळीस टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्यांसाठीही स्वतंत्र सूचना काढल्या. घाटमाथा सर, तुमच्या वर्गात एखादा मुलगा तोंडी परीक्षेत चमकतो आणि लेखी परीक्षेत अर्धे पान लिहून थांबतो असे दिसले, तर त्याच्या पालकांना ही माहिती अवश्य द्यावी.

घाटमाथा

धन्यवाद सर. असा एक मुलगा माझ्या वर्गात आहे. मी त्याला आळशी समजत होतो. उद्या त्याच्या वडिलांना बोलावतो. आणि लेखणी ताई, कमी लिहिलेले कागदावर दिसत नाही, ही गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती.

कृष्णाकाठ

नमस्कार. आज आईच्या खात्यावरून मी स्वतः लिहीत आहे. हा मजकूर मी इनस्क्रिप्टवर टंकलिखित केला असून त्याला पाऊण तास लागला, तेव्हा पुढच्या सत्राला संगणकावर पेपर देणे मला जमणार नाही हे सहा टिंबे दादांचे म्हणणे मला पटले आहे. अर्थशास्त्राची अंतर्गत चाचणी मात्र मी संगणकावर देणार आहे, आणि वक्र काढण्याच्या प्रश्नाऐवजी पर्यायी प्रश्न मिळावा असे सरांना कळवले आहे.

गेल्या सोमवारी आई आणि मी मिळून अर्ज दिला. आईने लिहिलेल्या मसुद्यात "कृपा करून सोय व्हावी" असे होते. ते मी काढायला सांगितले आणि त्या जागी १७ व्या कलमाचा उल्लेख घातला. कार्यालयातील काकांनी आवक क्रमांक आधी दिला नाही, नंतर दिला. वाढीव वेळेची तक्रारही वेगळ्या कागदावर दिली आहे. प्राचार्यांनी जिन्याखालची जागा जाऊन पाहिली आणि ग्रंथालयाशेजारची लहान खोली देण्याचे मान्य केले. त्याचे पत्र अजून हातात आलेले नाही.

जुना खडू सरांनी सांगितल्याप्रमाणे आई अभ्यासिकेत गेली होती. पोलीस भरतीची तयारी करणारे एक दादा आणि एक ताई तयार झाले आहेत. दादा काल रविवारी घरी आले आणि आम्ही गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका घेऊन बसलो. पहिल्या तासात त्यांच्याकडून माझी चार वाक्ये सुटली. त्यांतील तीन पेनाच्या आवाजावरून मला लगेच कळली आणि चौथे पानामागून बोट फिरवल्यावर सापडले. पुढच्या रविवारी ते पुन्हा येणार आहेत, आणि त्या दिवशी आम्ही घड्याळ लावणार आहोत.